लेखाशास्त्रात लेखापाल नापास (वय ४६, कॉलेजची दुसरी खेप)

तिसरा_बाक | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

वय ४६. विसाव्या वर्षी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना शिक्षण सुटलं. का सुटलं, तो वेगळा धागा होईल. नंतर बावीस वर्षं हिशेबाचंच काम केलं, अजून करतेय. गेल्या वर्षी परत प्रवेश घेतला, पार पहिल्या वर्षापासून. घरबसल्या नाही, वर्गात बसून. सकाळी कॉलेज, तिथून थेट ऑफिस.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. पाचपैकी तीन विषय ठीक, एक काठावर, आणि ज्या विषयाच्या जिवावर बावीस वर्षं पगार घेतला त्या लेखाशास्त्रात नापास. हसा खुशाल. मीही आधी हसले, रडणं नंतर झालं.

अभ्यास कमी पडला म्हणावं तर तसंही नाही. पुस्तक तीनदा वाचलं. हिरव्या-पिवळ्या रेघांनी पानं अशी रंगवली की कोरी जागा शोधावी लागते. एक ओळ वाचली की पुढची कोणती ते सांगता यायचं. आणि पेपर हातात पडल्यावर सगळं ओळखीचं दिसत होतं, पण उतरवायला गेलं की काही येईना. रस्त्यात कोणीतरी भेटावं, चेहरा पक्का ओळखीचा असावा आणि नाव काही केल्या जिभेवर येऊ नये, तसे तीन तास गेले. त्यातच दुसऱ्या तासाला हात भरून आला. शेवटची पाच पानं माझी मलाच लागत नव्हती.

तर प्रश्न सरळ आहे. या वयात स्मरणशक्ती खरंच उतरणीला लागलेली असते का? असेल तर तसं सांगा. पुढच्या सत्राची फी भरायला पंधरा दिवस आहेत. धीर देणारे प्रतिसाद नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

पेन_ड्राइव्ह | सोमवार, रात्री ११.२२

धाग्याच्या शीर्षकाला पैकीच्या पैकी.

बाकी, उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येत असेल तर आधी ती मागवा. दुखतंय कुठे ते न बघता गोळी काय द्यायची?

मीच_तो | सोमवार, रात्री ११.५१

धीर नको म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. आठवड्याचे पंधरा तास धरा, वर्षाचे चाळीस आठवडे, तीन वर्षं. झाले १८०० तास. एवढ्या तासांत माणूस हवं ते शिकू शकतो, परीक्षा न देता, कुणाच्या लाल शाईला न घाबरता. तुम्हाला काम येतं, पगार मिळतो. मग हा खटाटोप कुणाला दाखवायला?

स्मरणशक्तीचं म्हणाल तर ती जातेच. माझी गेली आहे.

अनामिका_७ | मंगळवार, सकाळी ६.४०

वाचतेय. मीही याच वाटेवर आहे, पहिलंच सत्र.

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ९.०५

तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा संध्याकाळच्या वर्गांना, जिथे निम्मी मंडळी चाळिशीपुढची असायची. त्या अनुभवावर बोलतो.

'मीच_तो' यांचं 'जातेच' हे विधान फार ढोबळ आहे. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने सिअ‍ॅटलमध्ये १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना परत परत तपासलं. तोवरची रीत अशी होती की आजचा पंचवीस वर्षांचा मुलगा आणि आजचे साठीचे गृहस्थ यांना एकच चाचणी द्यायची आणि गुणांमधला फरक वयाच्या नावावर टाकायचा. पण त्या दोघांचं शालेय शिक्षणच वेगळं झालेलं असतं! तीच माणसं वर्षानुवर्षं तपासल्यावर असं दिसलं की शब्दांवरची पकड आणि तर्क लावण्याची क्षमता सरासरीने साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकते. आधी उतरतो तो वेग. भराभर खुणा जुळवणं, झटपट आकडे टिपणं असली कामं. म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला पाच मिनिटं जास्त लागतील. त्यावरून डबा रिकामा झालाय असं म्हणता येत नाही.

आता तुमच्या तीन वाचनांबद्दल. रंगवलेली पानं पाहिली की मला धडकी भरते. माझ्या वर्गात ज्यांची पुस्तकं सर्वांत रंगीत, त्यांचे पेपर बहुधा सर्वांत फिके. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण 'येतं' समजतो. परीक्षेत ओळख पटवायची नसते, समोर काही नसताना काढून द्यायचं असतं. हे काम वेगळं आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

यावर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांचा २००६ सालचा एक साधा, सुंदर प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. बाकीच्यांच्या वेळी उतारा काढून घेतला आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणं वरचढ ठरलं. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं, आठवून लिहिलेलं जास्त टिकलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक चाळून 'झालं सगळं' असं जे वाटतं ना, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं समाधान. आणि हे विद्यार्थी तरुण होते बरं का. त्यामुळे या फसगतीचं खापर वयावर फोडू नका.

जाता जाता: विसरण्याचा जो उतरता आलेख सगळीकडे दाखवतात, तो हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये मांडला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून तो स्वतःचीच परीक्षा घेत बसायचा. अख्खा आलेख एका माणसाच्या डोक्यावरून काढलेला, आणि ते डोकंही तेव्हा ऐन तिशीतलं! तरुणपणीच इतकं विसरायला होतं, हे वाचून मला नेहमी बरं वाटतं.

उत्तरपत्रिका मात्र मागवाच.

पेन_ड्राइव्ह | मंगळवार, सकाळी ९.३०

सर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. मागच्या बाकावर.

शाईचा_डाग | मंगळवार, दुपारी २.१५

स्मरणशक्तीवर जाणकार बोलतीलच, मी हातावर बोलतो. कारण हा मुद्दा कुणी मनावर घेत नाही आणि गुण तर इथेही जातात.

गेल्या दहा वर्षांत तुम्ही सलग एक पान हाताने कधी लिहिलंत? सही सोडून? मी चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसलो तेव्हा माझं उत्तर होतं 'कधीच नाही'. सगळं काम कीबोर्डवर. चाळिसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला. मला वाटलं नस दबली. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि विचारलं, पेन किती घट्ट धरता?

घरी येऊन लिहिलेला कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. अक्षरं ब्रेलसारखी उठून आली होती. तुम्हीही करून बघा. मागच्या बाजूला बोटाला लिखाण लागत असेल तर ताकद शाईपेक्षा कागद दाबण्यात चालली आहे. मी बारीक दांड्याचं बॉलपेन टाकलं, जाड दांड्याचं जेल पेन घेतलं. बॉलपेनला दाब जास्त लागतो. आणि फक्त बोटांनी न लिहिता सगळा हात कोपरापासून सरकवायची सवय केली. सुरुवातीला अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं, येऊ दिलं.

रोज वीस मिनिटं घड्याळ लावून लिहायचं. दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवायची. पळण्याच्या शर्यतीआधी लोक महिनोन्महिने पळतात, आणि आपण तीन तास लिहिण्याच्या आधी तीन महिने नुसतं वाचतो. परीक्षेला पंधरा दिवस असताना एकदम तीन तास लिहायला बसू नका, मी बसलो होतो. मनगट धरलं आणि ऐन पेपरला पट्टी बांधून गेलो.

मीच_तो | मंगळवार, दुपारी ४.००

पट्टी बांधून पेपर. हे सगळं एका कागदासाठी. असो.

तिसरा_बाक | मंगळवार, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. शाईचा_डाग, कागद उलटा करून बोट फिरवलं. लागतंय. तीन पानांपर्यंत लागतंय!

मीच_तो, तुमचा १८०० तासांचा हिशेब बरोबर आहे, तपासला (सवय). पण बढतीच्या प्रत्येक अर्जात 'पदवी' असा एक रकाना असतो आणि त्यात मी बावीस वर्षं आडवी रेघ मारतेय. ज्या मुलाला मी काम शिकवलं तो आता माझ्या वर आहे. मुलगा चांगला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण आमचं ऑफिस १८०० तासांचं ज्ञान मोजत नाही, रकाना मोजतं.

उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज केला. आठवडा लागेल म्हणाले.

चाळिशी_लागली | बुधवार, सकाळी ८.२०

नावावरून कळलंच असेल, माझा विषय चष्मा. हे काम मी रोज करते, म्हणून लिहिते.

आपल्याकडे वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते अगदी मोजून-मापून पडलेलं नाव आहे. डोळ्यातलं भिंग साधारण त्याच सुमाराला इतकं ताठर होतं की जवळचं दिसेनासं होतं. सगळ्यांचंच होतं. आता यात कॉलेज कुठे आलं? सांगते. वरून दूरचं आणि खालून जवळचं दिसणारी काच असेल, आणि तुम्ही हौसेने पहिल्या बाकावर बसून उंचावरच्या फळ्याकडे बघत असाल, तर मान मागे जाते, हनुवटी वर होते आणि नजर नेमकी काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते. फळा धूसर. मग मान आणखी मागे. तासाभरात मान आखडते, डोकं चढतं, आणि माणूस म्हणतो 'माझं आता लक्ष लागत नाही'.

दोन-तीन बाक मागे बसा, मान सरळ ठेवून फळा दिसला पाहिजे. वहीवर उजेड डावखुऱ्यांनी उजवीकडून आणि इतरांनी डावीकडून घ्यावा, हाताची सावली पडत नाही. वर्षभरात नंबर तपासला नसेल तर तपासा. बस्स.

तिसरा_बाक | बुधवार, सकाळी ८.४१

अहो, मी तिसऱ्या बाकावर बसते ते केवळ पहिल्यावर बसायची लाज वाटते म्हणून! लाज एवढी उपयोगी असेल हे माहीत नव्हतं.

धाकटी_पाती | बुधवार, दुपारी १.०५

मी १९ वर्षांची आहे. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण दुसरी बाजू कुणीच लिहिली नाही.

आमच्या वर्गात एक काका आहेत, पन्नाशीचे असतील. पहिल्या महिन्यात ते आम्हाला नको वाटायचे. खरं सांगतेय, रागावू नका. सरांनी काहीही विचारलं की काकांचं उत्तर तयार, आणि उत्तराला जोडून एक अनुभव. अनुभव भारी असायचे, पण तास संपायचा. गटप्रकल्पात तर त्यांनी सगळं एका रात्रीत करून आणलं, छापून, फाइल लावून. आम्ही चौघे नुसते नावाला. त्यांना वाटलं मुलांवर उपकार केले. आम्हाला वाटलं आम्हाला नालायक ठरवलं. तोंडी परीक्षेत आम्हाला आमचाच प्रकल्प सांगता आला नाही.

नंतर एकदा त्यांना एका सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी अडलं. त्यांनी माझ्या मैत्रिणीला विचारलं, 'मला हे येत नाही, दाखवशील का?' एवढंच. त्या दिवसापासून सगळं बदललं. आता परीक्षेच्या आधी ते आमच्याबरोबर बसतात, आम्ही एकमेकांना प्रश्न विचारतो. ते चुकले की आम्ही ओरडतो आणि आम्ही चुकलो की ते.

तुम्ही प्रकल्प कसा केलात काकू?

तिसरा_बाक | बुधवार, रात्री ११.३०

एका रात्रीत. छापून. फाइल लावून.

दोन तास झाले तुझा प्रतिसाद वाचून. मला खरंच वाटत होतं की मुलं खूश आहेत. ऑफिसात असंच चालतं गं, काम अडलं की जो मोठा असतो तो उचलतो आणि संपवतो. तिथे त्याला जबाबदारी म्हणतात.

खडू_फळा | बुधवार, रात्री ११.५०

धाकटी_पाती, अकरा वर्षं मला हे नीट मांडता आलं नव्हतं. मोठ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो, 'वर्गात अनुभव बाहेर ठेवून या.' ते चूकच होतं. बाहेर ठेवायला ती काय चप्पल आहे? अनुभव आत यावा, पण विचारल्याशिवाय त्याने बोलू नये.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटेचे ४.१० (कामावरून)

धागा उशिरा दिसला. मी ५२व्या वर्षी पदवी घेतली, दूरशिक्षणातून, सगळी वर्षं रात्रपाळी करत. तुम्हाला निदान वर्ग आहे, बाक आहे, ओरडणारी पोरं आहेत. मला पोस्टाने आलेले गठ्ठे होते.

ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ पासून शिकवू लागलं. आधीच्या परीक्षांची अटच नाही, या म्हणाले. त्यांचे टीव्हीवरचे पाठ भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा लागायचे, कारण चांगल्या वेळा इतर कार्यक्रमांच्या. कामकरी माणसाच्या अभ्यासाला कुठल्याही देशात असाच उरलासुरला वेळ मिळतो, हे वाचल्यापासून मी वेळेबद्दल कुरकुर सोडली.

पाळी संपवून आल्यावर वाचायचं नाही, हे मी एक वर्ष वाया घालवून शिकलो. डोळे ओळींवरून फिरतात, आत काही उतरत नाही. आधी झोप. वाचलेलं मुरतंही झोपेतच, म्हणून परीक्षेच्या काळात मी झोपेतून एक मिनिटही कापलं नाही. बाकी सगळ्यातून कापलं.

माझा अभ्यास तीन पाकिटांत होता. साधी, पत्राची पाकिटं. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात जाते, ते रोज काढायचं. उत्तर बरोबर आलं की ती दुसऱ्या पाकिटात, ते तीन दिवसांनी काढायचं. तिथेही बरोबर आलं की तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकलं की कुठल्याही पाकिटातून थेट पहिल्यात, दयामाया नाही. ही युक्ती माझी नाही. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ती खोक्यांची करून मांडली होती. मी खोकी कुठे नेणार, म्हणून पाकिटं. आता मोबाइलवर तीच गोष्ट ॲपमध्ये मिळते. पण चिठ्ठी हाताने लिहायची, म्हणजे शाईचा_डाग यांचा व्यायामही होतो.

एकच पथ्य: उत्तर मोठ्याने म्हणायचं किंवा लिहायचं, मगच चिठ्ठी उलटायची. मनातल्या मनात 'हां, हे येतं' म्हणून उलटलीत तर तुमच्या रंगीत रेघा आणि ही चिठ्ठी यात काही फरक राहिला नाही.

अनामिका_७ | गुरुवार, सकाळी ६.१५

पाकिटं आणायला निघाले.

(प्रवेश घेताना एक गोष्ट मला फार जड गेली, ती इथे नोंदवते. जुन्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं, ओळखपत्रावरचं वेगळं. नाव बदलल्याचा पुरावा काढण्यात तीन आठवडे गेले. परत शिकायचा विचार मनात आला की पुस्तकांआधी कागद बाहेर काढा.)

पेन_ड्राइव्ह | गुरुवार, सकाळी १०.००

आणखी एक. आपल्या काळी पुस्तकातला उतारा जसाच्या तसा लिहिला की 'वा!' व्हायचं. आता लेखी काम संगणकावर तपासतात आणि उचललेली वाक्यं पिवळी होऊन समोर येतात. कुणाचं ते लिहायचं, नाहीतर स्वतःच्या शब्दांत मांडायचं. मी पहिल्याच गृहपाठात सापडलो. वयाकडे बघून सोडलं, पण बोलले बरंच.

तिसरा_बाक | पुढचा मंगळवार, रात्री १०.२०

प्रत मिळाली. जसंच्या तसं सांगते.

घसाऱ्याचं (वापराने यंत्राची किंमत दरवर्षी घटते, त्याचं) गणित, ८ गुणांचं. यंत्राची किंमत ८०,०००. वाहतूक आणि बसवण्याचा खर्च १०,०००. खरेदी वर्षाच्या बरोबर मध्यावर. घटत्या शिलकीवर १० टक्के घसारा. दुसऱ्या वर्षाअखेरीची शिल्लक काढा, खातं दाखवा.

मी काय लिहिलंय माहितेय? '७६,९५०'. एक ओळ. खाली दोन रेघा, उत्तर संपल्याच्या.

आकडा बरोबर आहे. ८० आणि १० मिळून ९०,०००, त्यावर सहा महिन्यांचे ४,५००, उरले ८५,५००, त्याचे दहा टक्के ८,५५०, उरले ७६,९५०. हे सगळं डोक्यात झालं आणि पेनापर्यंत आलंच नाही. वाहतूक खर्च यंत्राच्या किमतीत धरायचा, हे मला इतकं माहीत आहे की लिहायचं सुचलंच नाही. बाजूला लाल शाईत एकच शब्द: 'कार्यटीप?', म्हणजे आकडा कसा काढला ते कुठे. आठपैकी दोन.

असे चार प्रश्न. चारही उत्तरं बरोबर, चारही ठिकाणी पायऱ्या गायब. साहेबांना शेवटचा आकडा हवा असतो, बावीस वर्षांत त्यांनी कधी 'कसा काढला' विचारलं नाही. परीक्षकाला नेमकं तेवढंच विचारायचं असतं.

सिद्धान्ताच्या प्रश्नांत मात्र दुखणं खडू_फळा सर म्हणाले तेच. द्विनोंदी पद्धतीवर (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवायचा, ती) मी दीड पान आमच्या ऑफिसची कहाणी लिहिली आहे. छान लिहिली आहे. विचारलं होतं तत्त्व आणि फायदे. तत्त्व तीनदा वाचलं होतं, पिवळं केलं होतं, आणि एक वाक्य आठवलं नव्हतं म्हणून गोष्ट सांगितली.

म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला मी विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. फी भरली.

मीच_तो | मंगळवार, रात्री १०.५८

७६,९५० तपासलं. बरोबर आहे.

मीही एकदा प्रवेश घेतला होता, ४९व्या वर्षी. एक वर्ष केलं आणि सोडलं. स्मरणशक्ती गेली असं सगळ्यांना सांगितलं. उत्तरपत्रिका मागवली नव्हती.

खडू_फळा | बुधवार, सकाळी ८.१०

अजून मागवता येते का बघा. बहुधा मुदत गेली असेल. पण पुढचा प्रवेश कधी आहे, त्याची तारीख तरी बघून ठेवा.

मीच_तो | बुधवार, सकाळी ८.३३

सर, तुम्ही निवृत्त झाला आहात ना?

तिसरा_बाक | साडेतीन महिन्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६.५०

धागा वर काढतेय, ज्यांना कळवायचं राहिलं त्यांच्यासाठी.

आज लेखाशास्त्राचा पुनर्परीक्षेचा पेपर झाला. निकालाला वेळ आहे, त्यामुळे आकडा सांगता येणार नाही. घडलं ते सांगते.

रोजच्या वीस मिनिटांपासून सुरू करून दोन तास चाळीस मिनिटांपर्यंत पोचले होते. शेवटची वीस मिनिटं आज हात दुखला, पण अक्षर वाचता येतंय. प्रत्येक गणिताखाली कार्यटीप लिहिली, एका ठिकाणी तर दोन आकड्यांच्या बेरजेचीही. परीक्षक हसेल, हसू दे. त्यापायी शेवटच्या प्रश्नाचा 'ब' भाग अर्धाच झाला. वेगाचं सर म्हणाले होते, तो हिशेब मला अजून बसवायचाय.

या सत्राचा गटप्रकल्प चौघांनी मिळून केला. माझ्या वाट्याला माहिती गोळा करणं आणि तक्ते आले. मांडणी एका मुलाने केली आहे, मला अजिबात आवडलेली नाही, रंग तर विचारू नका. दोनदा हात शिवशिवले. फाइल उघडली आणि बंद केली. तोंडी परीक्षेत तो मुलगा मांडणीबद्दल पाच मिनिटं बोलला आणि बाईंनी त्याला शाबासकी दिली. मला वाटतं बाईंचाही चष्म्याचा नंबर बदलला असावा.

पहिल्या पाकिटात अजून अकरा चिठ्ठ्या आहेत. द्विनोंदीचं पहिलं छापील वर्णन कुणाचं, ही माझी सर्वांत हट्टी चिठ्ठी. सहा वेळा तिसऱ्या पाकिटातून पहिल्यात परत आली. लुका पाचिओली, १४९४. आज तोच प्रश्न नव्हता.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १२.०५

आता मात्र तो जन्मात विसरायचा नाही. माझ्या अशा तीन चिठ्ठ्या आहेत, अजून पाकिटात आहेत.

धाकटी_पाती | रविवार, सकाळी ११.४०

काकू, आम्हाला पुढच्या सत्रात हाच विषय आहे. तिसऱ्या पाकिटातल्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवाल का?

तिसरा_बाक | रविवार, दुपारी १२.१५

पाठवते, पण फक्त प्रश्नांच्या बाजूचे. उत्तरं तुझी तू लिही.